अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे

देवबागच्या खाडीत आमची फायबरची होडी असते. मागे जुनं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक मशीन. गेल्या हंगामात त्यानं वेगळंच नाटक सुरू केलं. दोरी ओढली की लगेच चालू, हळू चालवलं तर तक्रार नाही. पण थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की आवाज बसायचा आणि होडी जड होऊन नुसती पाणी ढकलत राहायची. थ्रॉटल मागे घेतला की परत सगळं सुरळीत.

किनाऱ्यावर निदान फुकट मिळतं. कार्बोरेटर, पेट्रोलात पाणी, रिंगा गेल्या. एकानं तर बॅटरी बदलायला सांगितली; या मशीनची ठिणगी फ्लायव्हीलचे चुंबक आणि चार्ज कॉइल तयार करतात, बॅटरीशी तिचा संबंधच नाही. पेट्रोलचा संशय मात्र रास्त होता. पण पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबून पेट्रोल ढकललं तरी फरक पडेना. भर खाडीत, जोर गेलेला असतानाच मशीन बंद करून प्लग काढले. वरचा कोरडा, तपकिरी; खालचा ओलाचिंब. पेट्रोल पोचत होतं, पेटत नव्हतं.

आमचे मिस्त्री कमी बोलतात. म्हणाले, "पार्ट मागे घेवया. आधी ठिणगी खय जाता ती बघया."

त्यांनी एकेक संशयित वगळला. स्टॉप स्विचची वायर बॉडीला लागली असती, तर दोन्ही सिलिंडर गेले असते. चार्ज कॉइलही दोघांना एकच. दोन्ही इग्निशन कॉइलची अदलाबदल केली, तरी रुसलेला सिलिंडर खालचाच. उरले ठिणगी सोडणारा सीडीआय डबा आणि खालच्या सिलिंडरला ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल. सीडीआय महाग, तरी बहुतेकजण आधी तोच बदलतात. का, ते मला कधी उमगलेलं नाही.

अंगणात पाणी लावून मशीन चालवलं की दोष दिसतच नव्हता. कारण साधं: न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पुरता उघडू नये, अशी अडकण असते. मिस्त्रींनी मशीन बंद ठेवलं, पंखा हातानं फिरवत गिअर टाकला, मल्टिमीटरच्या पिना पल्सरच्या वायरींना लावल्या आणि मला थ्रॉटल सावकाश फिरवायला सांगितलं. आकडा स्थिर होता. अर्ध्याच्या जरा पुढे गेलो आणि मीटर एकदम ओपन. मागे आणलं, आकडा परत.

थ्रॉटल उघडला की टायमिंगसाठी पल्सरची पाटी फिरते, तिच्याबरोबर वायर वाकते. वर्षानुवर्षं एकाच जागी वाकून आतलं तांबं तुटलेलं, वरचं रबर मात्र धडधाकट. पुलर लावून फ्लायव्हील काढलं, वायर सोलली, तर आत हिरवा कीट. खारं पाणी तारेच्या आतून चढतं, बाहेरून पुसून काय होणार?

नव्या वायरीचा जोड त्यांनी हलत्या भागापासून लांब दिला. वाकणाऱ्या जागी डाक दिली, तर ती ताठ होते आणि शेजारीच तुटते. वर आतून गोंद असलेली, उष्णतेनं आवळणारी नळी चढवली, वायरीला थोडी ढील ठेवली. फ्लायव्हीलचं निमुळतं भोक कोरडं पुसलं, चावी तपासली, नट टॉर्क पान्यानं आवळला.

वरच्या सिलिंडरची वायर अजून शाबूत होती. पण वय तेच, म्हणून नट आवळण्याआधी तीही बदलून घेतली. फ्लायव्हील दुसऱ्यांदा उतरवायची हौस कोणाला?