अक्षरांच्या कडा

जुन्या लष्करी रायफलीच्या पोलादावरील झिलई कारखान्यातून निघतानाचीच आहे की मागाहून कोणी चढविली आहे, असे विचारणारा मनुष्य बहुधा रंगाकडे बोट दाखवून विचारतो. आणि शस्त्रसंग्रहांची निगा राखण्यात ज्याचे केस पिकले अशा माझ्यासारख्यास तेवढ्यावरूनच कळते की, गृहस्थाने नेमका सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार निवडला आहे. बाजारात जिला ‘ब्लूइंग’ म्हणतात ती झिलई रंगासारखी वरून लावलेली नसते. ती पोलादाचीच त्वचा, लोखंडाचा काळा ऑक्साइड असते. पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत ती चढविण्याची प्रतिष्ठित रीत मोठी संथ होती: घासून निर्मळ केलेल्या नळीस आम्लयुक्त द्रव पुसावा, दमट हवेत तिला तांबूस गंज चढू द्यावा, उकळत्या पाण्यात तो गंज काळा करावा, तारेच्या मऊ कुंचल्याने सुटी पूड उतरवावी, आणि मनाजोगती गहिराई येईपर्यंत हाच क्रम पुन्हा पुन्हा चालवावा. पुढे कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे 140 अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेल्या द्रावणात तेच काम अर्ध्या-पाऊण तासात उरकू लागले. या दोन्ही कृती आजही करता येतात, आणि जाणत्या हाताने काल चढविलेली निळाई शंभर वर्षांपूर्वीच्या निळाईशेजारी ठेवली, तर नुसत्या रंगावरून निवाडा देण्याचे धाडस मी करणार नाही.

रुजुवात करावयाची ती त्या त्वचेखालच्या पोलादाची. नवी झिलई चढविण्यापूर्वी जुना गंज काढावा लागतो, तो काढण्यासाठी पॉलिशचे चाक फिरवावे लागते, आणि चाकाला कडा व सपाटी यांतला भेद कळत नाही. आपल्याकडचा शिकलगार पात्यावरून हात फिरवताना धारेची जी अदब राखी, ती या चाकाच्या ठायी मुळीच नाही. ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ‘नंबर 1 मार्क 3 स्टार’ ली-एनफील्ड घ्यावी. कुंदा ज्या धातूच्या बैठकीत शिरतो तिच्या उजव्या अंगास मुकुट, त्याखाली जी.आर.आय. ही सम्राटाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल असे ठसे ओळीने असतात. पोलादी ठशावर घाव बसला की अक्षराच्या खोलीतले पोलाद बाजूला सरून काठाशी अतिसूक्ष्म वरंबा उभा राहतो. तो डोळ्यांस दिसला नाही तरी नखास लागतो. आणि बंदूक वापरात असता झिलई प्रथम तेथेच झिजते, म्हणून अस्सल ठशाभोवती पुष्कळदा उजळ किनार आढळते. चाक फिरले की आधी हा वरंबा जातो, मग मुकुटावरची बारीक कलाकुसर पुसट होते, आणि शेवटी सालाचे आकडे कोठे खोल, कोठे उथळ असे एखाद्या जुन्या उंबरठ्यासारखे झिजलेले दिसतात. अशा अर्धवट मिटलेल्या अक्षरांवर जर एकसारखी, अखंड, काळीभोर झिलई असेल, तर मला पुढे काही पाहावे लागत नाही. कारण अक्षर झिजविणाऱ्या हातांनी झिलई शाबूत ठेवली, हे संभवत नाही.

तरीही मी पाहतो. स्क्रूच्या भोकांचे काठ तीक्ष्ण आहेत की फनेलसारखे आत उतरले आहेत, नळीवर यंत्राच्या हत्याराच्या आडव्या रेघा आहेत की कोणी त्या सफाईने बुजविल्या आहेत, हे पाहतो. युद्धाच्या घाईत बनलेली बंदूक आरशासारखी गुळगुळीत असणे हा तिचा गुण नव्हे, तिच्यावरचा आरोप आहे. गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या तळाशी तपकिरी गंज आढळणे स्वाभाविक. तळाशीही निळी झिलई आढळली, तर खड्डा आधी आणि झिलई नंतर, एवढा कालानुक्रम निर्विवाद सिद्ध होतो. त्यानंतर लाकडी आवरण उतरवून नळीचा झाकलेला भाग पाहावा. जेथे शिपायाचा हात पोचत नव्हता तेथली झिलई अधिक ताजी आणि उघड्या भागावरची विरलेली, हा क्रम उलटा किंवा सपाट झालेला दिसला, की त्याचे कारण शोधणे भाग पडते.

जर्मन लुगर पिस्तुलाच्या बाबतीत इतिहास स्वतःच मदतीस येतो. मंद गंजाच्या रीतीने निळे केलेल्या जुन्या लुगरचा अंतर्भाग पांढऱ्या पोलादाचाच राहत असे, आणि चाप, सुरक्षेचा खटका यांसारखे लहान भाग तापवून गवताच्या काडीसारखे पिवळसर केलेले असत. माउझर कारखान्याने 1937 च्या सुमारास क्षारद्रावणाची रीत स्वीकारली, आणि सगळेच काळे झाले. यास्तव 1917 सालचा शिक्का असलेले पिस्तूल पोटातूनही निळे निघाले, तर त्याने मागाहून कोठेतरी क्षाराच्या कढईत डुबकी घेतली आहे, हे विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी ढळत नाही.

येथवरचा भाग मी सोपा समजतो. लबाडी ओळखणे ही सवयीची बाब आहे. अवघड असते ती प्रामाणिक पुनःसंस्काराची बंदूक. सैन्य आपली हत्यारे संग्राहकांसाठी बनवीत नाही. ब्रिटिश कारखान्यांत जुन्या ‘नंबर 4’ रायफली सर्वांगीण दुरुस्तीस येत, त्यांवर एफ.टी.आर. ही अक्षरे आणि साल कोरले जाई, आणि फॉस्फेटच्या थरावर सनकोराइट नावाचा काळा भाजलेला रंग दिला जाई. ईशापुरासही जुन्या रायफली अशाच काळ्या रंगाने लेपून, नळीखालच्या लाकडास आडवा मजबुतीचा स्क्रू मारून पुन्हा पलटणींत रुजू केल्या गेल्या. असा काळा रंग ‘मूळचा’ आहे काय? ज्यांच्या लेखी मूळ म्हणजे पहिल्या दिवसाची स्थिती, ते नाही म्हणतील, आणि लिलावातील किंमत त्यांच्याच बाजूने बोलेल. मला हे मत संकुचित वाटते. सरकारी कारखान्याने सरकारी हुकुमाने दिलेला लेप हा त्या हत्याराच्या चाकरीचाच दाखला आहे, आणि कोण्या हौशी मालकाने घरी दिलेला लेप तसा नाही. भेद करावयाचा तो या दोहोंत, पहिल्या आणि दुसऱ्या थरांत नव्हे.

म्हणूनच, काळा रंग खरवडून खाली चकचकीत निळाई चढविलेली ईशापुरी रायफल कोणी ‘मूळ स्थितीत आणली आहे’ असे सांगून पुढे ठेवली, की मी भिंगाखाली प्रथम सालाच्या आकड्यांचे तळ न्याहाळतो. रंग काढणारा सपाटी स्वच्छ करतो, खोलगट भागात त्याचा धीर सुटतो. शून्याच्या पोटात आणि नऊच्या वळणात काळ्या रंगाचे कण बहुधा शिल्लक असतात. नोंदवहीत ‘झिलई: मूळ / अमूळ’ असा रकाना छापलेला असतो. तो मी रिकामा ठेवतो, आणि समासात लिहितो: कारखान्याचा काळा लेप, अवशेष अंकांत, त्यावर खासगी निळाई, अलीकडील, उरलेला रंग काढू नये.