उशीर कोणाचा?

लहान मुलाचा रोग ओळखण्यास ‘उशीर’ झाला, असें कोणीं म्हटलें कीं ऐकणाऱ्याची नजर प्रथम त्याच्या आईकडे वळते. बापाकडे ती क्वचित् जाते, डॉक्टरकडे त्याहून क्वचित्, आणि तपासणीसाठीं तीन आठवड्यांनंतरची तारीख देणाऱ्या खिडकीकडे तर कधींच जात नाहीं. हा झाला लोकव्यवहार. परंतु ज्या शास्त्रीय निबंधांनीं हा प्रश्न तराजूंत घालून तोलावयाचा, तेही पुष्कळदां याच वळणावर जातात, याचा आम्हांस खेद वाटतो.

वैद्यकाशीं आमचा संबंध केवळ रोग्याचा. तथापि कांहीं तरुण डॉक्टर आपल्या निबंधांचें इंग्रजी तपासून घेण्यासाठीं आमच्याकडे येतात, आणि एका कप चहाच्या मोबदल्यांत (तो चहाही आमच्याच घरचा!) ते वाचण्याची पाळी आमच्यावर येते. व्याकरण पाहातां पाहातां एक गोष्ट वारंवार दिसते. ‘निदानास विलंब झाला’ या वाक्यांत कर्ता नाहीं. विलंब केला कोणीं?

मेंदूंत गांठ असलेलें मूल सकाळीं उठून ओकतें, डोकें दुखतें म्हणून रडतें. आई त्याला पहिल्याच आठवड्यांत दवाखान्यांत नेते. पित्त म्हणून औषध मिळतें. पुढें चष्मा लागतो. मूल चालतांना झोंक जाऊं लागला म्हणजे मग कोठें मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी हातीं पडते. हे सगळे दिवस एकाच बेरजेंत घालून तिला ‘विलंब’ हें नांव देणें म्हणजे चौघांचा खर्च एकीच्या नांवावर मांडण्यासारखें आहे. कर्करोगाच्या अभ्यासकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या, डेन्मार्कमधील आर्हुस शहराच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निवेदनांत चार तारखा वेगळ्या मांडाव्या असें सांगितलें आहे : लक्षण प्रथम जाणवलें ती, रोगी प्रथम डॉक्टरकडे गेला ती, पुढील तज्ज्ञाकडे पाठविला ती, आणि निदान झालें ती. निरीक्षणात्मक संशोधन कसें लिहावें याची २२ कलमांची ‘स्ट्रोब’ नांवाची यादी तर २००७ पासूनच उपलब्ध आहे. तेव्हां नियम नव्हते, ही सबब चालण्यासारखी नाहीं.

त्यांतही पहिली तारीख मोठी फसवी. लहान मूल स्वतः सांगत नाहीं. आईला विचारावें लागतें, आणि तेंही बहुधा निदान झाल्यावर, जेव्हां ती आधींच स्वतःला दोष देत बसलेली असते. ती म्हणते, ‘गणपतींच्या आधीं केव्हांतरी.’ निबंधांत त्याचे ‘४३ दिवस’ होतात! माहिती आईच्या आठवणींतून घेतली कीं दवाखान्याच्या कागदांतून, किती मुलांचे कागद मिळालेच नाहींत, निदानापूर्वींच दगावलेलीं मुलें हिशेबांत आहेत कीं नाहींत, हें न सांगतां दिलेला आंकडा आम्हांस तरी आंकडा वाटत नाहीं.

आणि परिणामाचें काय? रेटिनोब्लास्टोमा या रोगांत मुलाच्या बाहुलींत पांढरी चमक दिसते, कधीं कधीं ती प्रथम छायाचित्रांतच लक्षांत येते. तेथें दवडलेला काळ डोळ्यावर, प्रसंगीं जिवावर बेततो. पण मेंदूच्या कांहीं गांठींत उलटा हिशेब निघूं शकतो. भराभर वाढणारी गांठ लवकर उघड होते आणि तीच अधिक घातक असते. त्यामुळें उशिरां आलेलीं मुलें अधिक जगलीं असें दिसतें. गांठीचा स्वभाव न सांगतां एवढेंच छापलें, तर वाचणारा उशीर बरा म्हणेल!

नीट मोजल्यानें काय साधतें तें ब्रिटनमध्यें दिसलें. ‘हेडस्मार्ट’ नांवाची मोहीम तेथें २०११ सालीं सुरू झाली. मेंदूंतील गांठीचीं लक्षणें पालकांना आणि डॉक्टरांना दोघांनाही छापील पत्रिकांतून समजावून दिलीं. लक्षणापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ पूर्वीं सुमारे १४ आठवडे होता, तो २०१३ पर्यंत ७ आठवड्यांच्या आंत आला. पूर्वींची मोजणी धड नसती, तर हा फरक दाखवितां आला नसता.

हल्लीं आम्ही समासांत ‘कोणीं?’ एवढेंच लिहितों. एकानें उत्तर दिलें, “सर, तारखा केसपेपरांत आहेत, आमच्या तक्त्यांत तेवढे रकाने नव्हते.” त्याला रकाने वाढवावयास सांगितलें आहे. सध्यां तो पुन्हां केसपेपर उलगडून बसला आहे.