मावशीची कूस

जामसांवलीला जायचा योग माझ्या नशिबात असेल असे मला कधी वाटले नव्हते. गोव्याच्या माणसाला नागपूर म्हणजेच खूप लांब. त्याच्याही पलीकडे दीड-दोन तासांवर मध्यप्रदेशात सौंसर, आणि सौंसरच्या जवळ हे हनुमंताचे गाव. पूर्वी हा सारा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ च्या ऑक्टोबरपासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्र्यांचा मुलुख. माणसे मराठी बोलतात, पण वऱ्हाडी वळणाची, मधेच हिंदी मिसळलेली.

तिथे माझी मोठी मावशी होती. डिचोलीची मुलगी सौंसरला कशी गेली, असे सगळेच विचारतात. सौंसरचा पट्टा मँगनीजच्या खाणींसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. तिथे काम शिकलेले आमचे काका गोवा मुक्त झाल्यावर डिचोलीच्या एका खाणीवर नोकरीला आले, आमच्या आजोबांच्या घरात भाड्याने राहिले, आणि १९६७ साली जाताना मावशीला घेऊन गेले! लग्न करून बरे का. त्यानंतर ती माहेरी आली असेल पाचसहा वेळा. पुढे पुढे तिची भाषाही अशी बदलली की माझी आई तिला चिडवायची, "तू आतां 'काय जी, काय जी' करता."

तर झाले असे. २०२४ च्या एप्रिलात एका रात्री अकराच्या सुमारास वहिनीचा, म्हणजे मावशीच्या सुनेचा, फोन आला. आवाज घाबरलेला.

"ताई, आईच्या अंगात कायतरी शिरलं जी. दोन दिवस झाले, कोणाले ओळखून नाही रायली. भलत्याच भाषेत बोलते. आज जामसांवलीले नेऊन आणलं."

जामसांवलीचा हनुमान झोपलेला आहे. पिंपळाखाली आडवी, पहुडलेली भव्य मूर्ती. तिच्या नाभीतून झिरपणारे पाणी तीर्थ म्हणून देतात, आणि ज्यांचे चित्त ठिकाणावर नाही अशा माणसांना तिथे आणून बसवायची रीत आहे. मी वहिनीला म्हटले, "फोन तिच्या कानाजवळ धर." आणि पलीकडून मला ऐकू आले,

"आये, पावस येता गे! भात भितर काड!"

माझ्या अंगावर काटा आला. ती कुठली भुताची भाषा नव्हती, ती माझ्या आजीच्या अंगणातली कोकणी होती. सत्त्याहत्तर वर्षांची बाई उकडलेले भात वाळत घातलेल्या खळ्यात उभी राहून आपल्या आईला हाक मारत होती. तिचा मुलगा, आमचा दादा, बाजूलाच उभा होता. पण त्याने आईच्या तोंडून चार कोकणी शब्दांपलीकडे कधी काही ऐकलेच नव्हते. दात नसलेल्या तोंडातली ती घाईघाईची कोकणी त्याला कशी कळावी?

त्याच रात्री दादाने गाडी काढली आणि पहाटे तिला नागपूरच्या एका इस्पितळात दाखल केले. मी मिळेल त्या गाडीने दोन दिवसांनी पोचले. रक्तातले सोडियम फार खाली गेलेले, आणि जोडीला लघवीत जंतुसंसर्ग. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. बाहेर एप्रिलचे ऊन, आणि म्हातारपणी तहानच कमी लागते. त्यात रात्री उठायला नको म्हणून मावशी संध्याकाळनंतर पाणीच पीत नसे. डॉक्टरांनी शांतपणे समजावले, याला डेलिरियम म्हणतात. म्हातारपणाचे विसरणे वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. हे मात्र तासादोन तासांत, फार तर दोन दिवसांत अचानक येते, दिवसा जरा बरे, रात्री जास्त. माणूस मेलेल्यांशी बोलतो, भिंतीवर काहीबाही बघतो. मूत्रसंसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, नवे औषध, काहीही निमित्त पुरते. बहुतेक वेळा कारण सापडले की उतरते. सापडायला उशीर झाला तर मात्र जिवावर बेतते. सोडियमही एकदम वर आणता येत नाही, हळूहळूच आणावे लागते. सहाव्या दिवशी मावशीने मला ओळखले आणि विचारले, "तू कवा आली?" सौंसरच्या भाषेत!

आता कोणी म्हणेल, शिकलेली माणसे असून देवस्थानात कशाला नेले? मी हसणार नाही. आमच्याकडे घरात दुखणे आले की आपण काय करतो? देवाला प्रसाद लावतो, उजवी पाकळी पडली की डावी ते बघतो, भटजींना गाऱ्हाणे घालायला सांगतो. घाबरलेला माणूस जवळच्या दारात जातो. दादाच्या घराजवळ हनुमंताचे दार होते. फक्त एवढेच, की तीर्थ घेऊन त्याच पावली रक्ताची तपासणीही करावी. देव काही रागावत नाही.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. मावशीची शुद्ध आली, पण पायातले बळ गेले. इस्पितळात दहा दिवस पाठीवर पडून माकडहाडाजवळ रुपयाएवढी लाल जागा झाली होती, घरी येईपर्यंत तिथली कातडी सुटली. शय्याव्रण हा शब्द मी वाचला होता, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितला. गावात जखम बांधायला येणाऱ्या नर्सबाईने आम्हा दोघींना उभे करून शिकवले. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. ओढायचे नाही, ओढले की कातडी घासते. अंगाखाली चादर घालून दोघींनी उचलायचे. टाचांखाली हवा राहील अशी पोटऱ्यांखाली उशी द्यायची. लाल जागा बोटाने दाबून लाली गेली नाही तर धोका समजायचा, आणि ती जागा चोळायची नाही. आपण नेमके तेच करतो, तेल लावून चोळतो! मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिने कडेचा रक्तपुरवठा अडतो. भरवताना ताठ बसवायचे आणि नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, नाहीतर घास छातीत जातो. जखम भरायला डाळ, अंडे, दूध हवे, नुसती पेज पुरत नाही. (हे ऐकून माझ्यातली गोंयकारीण जरा दुखावली.)

वहिनीने कॅलेंडरच्या मागे घड्याळाचे तास लिहिले. डावी, पाठ, उजवी. मी यूडीसी बाई, रजिस्टर ठेवणे माझ्या रक्तात, म्हणून रकाने मी आखले. पण बारा दिवसांनी माझी अर्जित रजा संपली. निघताना वहिनी सहज म्हणाली, "ताई, तुमचं बरं आहे जी. तुम्ही बारा दिवसांच्या, मी रोजची." रागाने नव्हे. पण गाडीत बसल्यावर मला झोप आली नाही.

केंद्राच्या रजा नियमांत मूल वाढवण्यासाठी स्त्री कर्मचाऱ्याला नोकरीभरात ७३० दिवस मिळतात, आणि ते योग्यच आहे. म्हाताऱ्यासाठी वेगळी रजा नाही, आपल्या नेहमीच्या रजेतूनच काढायची. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू झाले. फार चांगले झाले. पण ते इस्पितळात भरती झाल्यावरचे. घरी खाटेवर जे दहा महिने जातात त्यांचे बिल कोणाच्या नावे निघत नाही, ते घरातल्या बाईच्या कमरेवर लिहिले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे शंभरात साडेआठ होती, आपल्या गोव्यात अकरा. केरळ सोडले तर आपणच पुढे. आपली मुले लिस्बनला, लंडनला, पुण्याला, आणि वाड्यावाड्यांतून मोठ्या घरात एकेकटे म्हातारे. कूस बदलायला दोन माणसे लागतात हो! ती आणायची कुठून?

परत निघायच्या आदल्या दिवशी मी जामसांवलीला जाऊन आले होते. २०२३ साली तिथे 'हनुमान लोक'चे भूमिपूजन झाले. मी रांगेतून आत गेले. लोक हात जोडून देवाच्या मुखाकडे बघत होते. आणि माझे लक्ष कुठे गेले सांगू? त्याच्या पाठीकडे. इतकी वर्षे एकाच कुशीवर! मग स्वतःशीच हसले. देवाला चालते, माणसाला नाही. तीर्थ घेतले, मावशीसाठी बाटलीत भरून आणले, आणि वहिनीसाठी फक्त एक मागणे मागितले.

जखम अडीच महिन्यांत भरली. दिवाळीच्या सुमारास मावशी वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जायला लागली. हिवाळ्यात पुन्हा खाट धरली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत गेली. झोपेत, स्वतःच्या घरात.

फोन वहिनीनेच केला. रडत होती. कधी गेली, कशी गेली, हे सगळे नंतर. पहिले वाक्य ती म्हणाली ते असे,

"ताई, आईची पाठ शेवटपर्यंत साफ होती जी."