उंचीचा हिशेब

स्कायडायव्हिंगमध्ये उंची मोजतात फुटांत, पण खर्च होते ती सेकंदांत. पोट जमिनीकडे ठेवून पडणाऱ्या माणसाचा वेग पहिल्या दहा-बारा सेकंदांत ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो आणि तिथे स्थिरावतो. त्यानंतरचे प्रत्येक हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत संपतात. नवशिक्याचे सगळे प्रशिक्षण या हिशेबाभोवती रचलेले असते. कोणत्या उंचीवर काय करायचे आणि तिथवर ते झाले नाही तर पुढे काय करायचे, हे विमानात बसण्याआधीच ठरलेले आणि अंगात मुरलेले असावे लागते.

शिकण्याच्या वाटा तीन. टँडम उडीत विद्यार्थी इन्स्ट्रक्टरच्या पुढे, त्याच्याच हार्नेसला जखडलेला असतो. दहा ते तेरा हजार फुटांवरून उडी, अर्धा-पाऊण मिनिट मुक्त पतन आणि पाच हजार फुटांच्या आसपास पॅराशूट, हा तिचा क्रम. निर्णय सगळे इन्स्ट्रक्टरचे. त्यामुळे पतनाचा अनुभव मिळतो, कसब फारसे मिळत नाही. स्टॅटिक लाइन पद्धतीत विमानाला बांधलेली पट्टीच पॅराशूट उघडते. उडी कमी उंचीवरून असते आणि मुक्त पतन जवळपास नसतेच. तिसरी वाट अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल, म्हणजे एएफएफ. १९८०च्या दशकाच्या आरंभी ती अमेरिकेत रूढ झाली. यात विद्यार्थी पहिल्याच उडीत स्वतःचे पॅराशूट पाठीवर घेऊन उडतो आणि दोन इन्स्ट्रक्टर त्याला दोन्ही बाजूंनी धरून सोबत पडतात. पुढे एकच इन्स्ट्रक्टर उरतो आणि शेवटी विद्यार्थी एकटा उडतो.

एएफएफची पहिली उडी मिनिटभराच्या पतनाची, पण तिच्या आधी जवळपास पूर्ण दिवस जमिनीवर जातो. सुरुवात शरीराच्या ठेवणीपासून होते. कंबर पुढे, छाती उघडी, हनुवटी वर, हातपाय सैल. या कमानीत शरीराचा मध्य सर्वांत खाली राहतो आणि हवा अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखी लागते. पाय आखडले किंवा एक हात खाली गेला की शरीर वळू लागते. पतनात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून इन्स्ट्रक्टर हाताच्या खुणा करतो. दोन बोटे सरळ दाखवली की पाय लांब करायचे. पंजा हलवला की अंग सैल सोडायचे.

दारातून बाहेर पडताना पोटात गोळा येईल अशी बहुतेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात विमानाच्या वेगामुळे वारा आधी समोरून येतो आणि हळूहळू खालून लागू लागतो, त्यामुळे पाळण्यात येतो तसा गोळा सहसा येत नाही. पतनात विद्यार्थ्याने एकच चक्र फिरवत राहायचे: क्षितिज, मनगटावरचा ऑल्टिमीटर, इन्स्ट्रक्टर, पुन्हा क्षितिज. अधूनमधून पाठपिशवीच्या तळाशी असलेल्या मुठीला हात लावून ती कुठे आहे याची खात्री करायची, पण ओढायची नाही. साडेपाच हजार फुटांच्या सुमारास दोन्ही हात डोक्यावर हलवून इशारा द्यायचा आणि मूठ ओढून सोडून द्यायची. तिच्याबरोबर पायलट शूट हे छोटे पॅराशूट वाऱ्यात जाते आणि मुख्य पॅराशूट पिशवीतून ओढून काढते.

मग वर पाहायचे. आजचे पॅराशूट चौकोनी असते. डोमिना जालबर्ट यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेल्या पॅराफॉइलचा तो वारसा. पुढच्या उघड्या तोंडांतून कप्प्यांत हवा भरते आणि कापडाचा पंख होतो. तीन प्रश्न विचारायचे: आकार पूर्ण आहे का, पॅराशूट स्थिर आहे का, दोन्ही दोऱ्यांनी वळते का? दोऱ्यांना पीळ पडला असेल तर त्या फाकवून पायाने झटके देत पीळ सोडवता येतो. घड्याळ मात्र प्रत्येक दोषात चालू असते, आणि विद्यार्थ्यासाठी निर्णयाची रेषा असते २,५०० फूट. तिथवर पॅराशूट हाताळण्याजोगे झाले नाही, तर ते सोडायचे.

या सोडण्याचा सराव छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये होतो. इन्स्ट्रक्टर पट्टे हिसकतो, बिघडलेल्या पॅराशूटचे चित्र डोळ्यांसमोर धरतो आणि उंची मोठ्याने सांगत राहतो. विद्यार्थ्याने मान खाली घालून उजव्या छातीवरची लाल मऊ मूठ पाहायची, पकडायची, मग डावीकडची राखीव पॅराशूटची मूठ पाहायची. लाल मूठ सोलून पूर्ण ओढायची, लगेच दुसरी. आधी नजर आणि मग हात, कारण घाबरलेला हात चुकीच्या पट्ट्याला जातो. लाल मूठ ओढताच मुख्य पॅराशूट सुटते ते बिल बूथ यांच्या तीन कड्यांच्या रचनेमुळे. विद्यार्थी काहीच करू शकला नाही, तर पिशवीतले स्वयंचलित उपकरण हवेचा दाब आणि पडण्याचा वेग ओळखून सुमारे ७५० फुटांवर राखीव पॅराशूट मोकळे करते. ते अखेरचा उपाय म्हणून असते. त्याच्या भरवशावर उडीची आखणी होत नाही.

उतरण्याचाही उंचीनुसार क्रम असतो. हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, सहाशेवर आडवे वळण, तीनशेवर वाऱ्याकडे तोंड. हेल्मेटमधल्या रेडिओवरून सूचना मिळतात, तरी दोऱ्या विद्यार्थ्याच्याच हातात असतात. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की दोन्ही दोऱ्या खाली ओढून वेग मारायचा, हाच फ्लेअर. नवशिक्या सरळ पायांखाली पाहतो, त्याला जमीन जवळ भासते आणि फ्लेअर लवकर होतो. नजर पुढे ठेवली की अंदाज सुधारतो. लवकर झालाच तर दोऱ्या आहेत तिथेच धरायच्या. सोडल्या तर पॅराशूट पुढे झेपावते. पाय आणि गुडघे जुळवून, कुशीवर लोळण घेण्याची तयारी ठेवायची. वारा ताशी साधारण २२ किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर अमेरिकेतील नियमांप्रमाणे एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला जमिनीवरच थांबावे लागते.

एकच उडी उंचीप्रमाणे किती बदलते, हे पुण्याच्या शीतल महाजन यांच्या दोन उड्यांवरून कळते. २००४ साली उत्तर ध्रुवावर त्यांनी २,४०० फुटांवरून उडी मारली, आणि ती त्यांची पहिलीच होती. २००६ साली दक्षिण ध्रुवावर त्या ११,६०० फुटांवरून एएफएफ पद्धतीने उतरल्या. एएफएफचा विद्यार्थी ज्या उंचीवर निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो, त्याच्याही खालून पहिली उडी सुरू झाली होती. दुसरीत मुक्त पतनाला वाव होता. भारतात नागरी उड्यांची केंद्रे मोजकीच; हरियाणातील नारनौल हे त्यांपैकी एक. म्हणून पूर्ण अभ्यासक्रमासाठी अनेक जण थायलंड, स्पेन किंवा अमेरिका गाठतात.

अमेरिकन पद्धतीत पहिला, म्हणजे ‘ए’ परवाना मिळायला किमान २५ उड्या लागतात. नेमक्या जागी उतरणे, इतरांसोबत पडणे, त्यांच्यापासून दूर सरकून पॅराशूट उघडणे आणि मुख्य पॅराशूटची घडी स्वतः घालणे हेही जमावे लागते. राखीव पॅराशूटची घडी मात्र परवानाधारक रिगरच घालतो, आणि तीही दर १८० दिवसांच्या आत. परवान्यानंतर इन्स्ट्रक्टरविना उडता येते. पण ६० दिवस उडी झाली नाही, तर पुढची उडी पुन्हा इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली मारावी, अशी शिफारस असते.