साडेसात की साडेआठ

ब्लाउजचा मागचा गळा साडेसात ठेवायचा की साडेआठ, हे नुसतं ऐकून मला कळत नाही. माझ्या कानांची नस कमजोर झाली आहे आणि बारीक, उंच आवाज आधी गेले आहेत. स, त, ठ, फ हरवले. आ, ए, ओ अजून शाबूत आहेत. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय ते निसटतं. ओरडून सांगितलं तर 'आ' तेवढा मोठा होतो, 'स' काही परत येत नाही. शिवाय ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, मग ओठही वाचता येत नाहीत.

नातेपुत्यात माझं शिवणाचं दुकान रस्त्यालाच लागून आहे. एसटी, ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या दिवसभर चालूच. त्यात पाठीचं माप घेताना बाईचं तोंड पलीकडे. म्हणून समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावून घेतला, अगदी खिडकीशेजारी, उजेड तोंडावर पडेल असा. मी मागून खांदा मोजते, ती आरशातून बोलते. पण ओठांवर सगळं दिसत नाही. प, ब, म सारखेच दिसतात, क आणि ग घशातच राहतात. म्हणून गळ्याची खोली मी टेप पाठीला लावून, बोट टेकवून विचारते, "इथपर्यंत?" मग आकडा खडूने कापडावर लिहून तिला दाखवते.

एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, शब्द बदला. "फॉल लावायचाय" लागलं नाही, तर "साडीच्या काठाला आतून पट्टी" म्हणा, लगेच लागतं. आणि "जाऊ दे, काही नाही" तेवढं म्हणू नका. घरात सगळ्या हसतात, मी विचारते काय झालं, आणि हे उत्तर येतं. गोष्ट क्षुल्लक असेल, तरी ती मला हवी असते.

कानातल्या मशीनने फायदा होतो, पण जवळच्या, समोरच्या बोलण्यापुरताच. गलका झाला की ते बोलण्याबरोबर गलकाही वाढवतं.

आषाढी वारीत बरडहून माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा टाळ, मृदंग, स्पीकर यांत माझं सगळं बोलणं बुडतं. मागे एका वारीत एक म्हातारी वारकरीण दुकानात आली. माझ्या कानाकडे तिचं लक्ष गेलं. तिने दंडाला हात लावून मला आपल्याकडे वळवलं, आधी पिशवीचा उसवलेला बंद पुढे धरला आणि मग सावकाश म्हणाली, "बये, एवढं शिवून दे." दोरा दुहेरी घालू का म्हणून विचारलं, तर तिने दोन बोटं वर केली.