मुखत्यारी

तीन महिने पुरे होईपर्यंत पोटातल्या जिवाची वार्ता उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, ही आपल्याकडील घराघरांतून चालत आलेली वहिवाट. तिसऱ्या महिन्यातली चोरओटीसुद्धा घरच्याच दोन-चार सुवासिनींनी, दार लोटून घेऊन भरायची. दृष्ट लागू नये हा त्यामागील हेतू, आणि त्याची चेष्टा करण्याचे मला कारण नाही. परंतु जे येणार हे कोणाला ठाऊकच नव्हते, ते गेले म्हणून कोणाजवळ रडायचे, हा प्रश्न या गुप्ततेतून एखाद्या बाईपुढे उभा राहतो, त्याचे उत्तर वहिवाटीत नाही. मनुस्मृतीने गर्भस्रावानंतर जितके महिने तितक्या रात्रींनी स्त्रीची शुद्धी सांगितली आहे. देहाच्या अशौचाचा हिशेब इतका चोख मांडणाऱ्या शास्त्रकाराला तिच्या शोकासाठी एखादा विधी योजावा असे मात्र सुचले नाही.

माझ्या धाकट्या भावजयीच्या वाट्याला तर असे दुःख आले की, त्याला मृत्यू म्हणावे तर मेले कोण हेही सांगता येऊ नये. उलट्यांनी ती बेजार झाली म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा पडद्यावर बाळ नव्हतेच. होता तो द्राक्षगर्भ. ज्या पेशींतून वार घडायची त्याच बेसुमार वाढून गर्भाशयात पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस धरतात, आणि पूर्ण द्राक्षगर्भात मूल मुळी आकारालाच येत नाही. स्त्रीबीजातला आईचा वारसा नाहीसा झालेला असल्याने त्यातील गुणसूत्रे बापाकडूनच आलेली असतात. ग्रहणात विळी हातात धरली होतीस काय, अशी चौकशी करायला आलेल्या एका दूरच्या आत्याबाईंना ही शेवटची माहिती मी, भाऊ शेजारी बसलेला असतानाही, अगदी सविस्तर ऐकवली. पुन्हा ग्रहणाचे नाव त्यांनी काढले नाही.

पिशवी साफ झाली; तरी रोग संपला नाही. ज्या संप्रेरकामुळे गोड बातमी कळते, त्याचेच प्रमाण दर आठवड्याला रक्तातून मोजायचे, ते उतरता उतरता अडले आणि पुन्हा चढू लागले; म्हणजे कूस रिकामी झालेली असताना देह अजून दिवस राहिल्याची ग्वाही देत होता. मग मेथोट्रेक्झेटची इंजेक्शने सुरू झाली. भीमावरमला 1895 साली जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत फॉलिक आम्लाला विरोध करणाऱ्या द्रव्यांचे जे संशोधन चालवले, त्याच कुळातले हे औषध. सुब्बाराव 1948 साली वारले, आणि 1956 साली ली आणि हर्ट्झ या डॉक्टरांनी याच औषधाने वारेचा पसरलेला कर्करोग हटल्याचे प्रसिद्ध केले. भावजयीच्या रोगाचा प्रकार कमी धोक्याचा होता, आणि तशा बहुतेक सर्व बायका आज बऱ्या होतात. हे सारे मी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “वन्सं, बरी होईन हो मी. पण कशासाठी, ते तुमच्या पुस्तकात आहे का?”

देवाशी ती भांडली नाही. संध्याकाळी निरांजन लावणे तेवढे तिने सोडले. माझे वडील, अण्णा, रोज गुरुचरित्र वाचत, आणि त्यात शिरोळच्या त्या स्त्रीची कथा आहे, जिची मुले जगत नव्हती आणि जिचे गेलेले मूल नृसिंहवाडीच्या औदुंबरापाशी पुन्हा उठले. तो अध्याय त्यांनी मुद्दाम मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हा आतून आवाज आला, “तिचं मूल होतं, मामंजी. माझं तर नव्हतंच.” अण्णांनी पोथी मिटली. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याबरोबर मिरजेच्या गाडीत बसू लागले. दवाखान्याच्या बाकावर कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन बसत, आणि बोलत ते फार तर उसाच्या भावाबद्दल.

आईने मात्र निरांजनाचे काम मुकाट्याने आपल्याकडे घेतले होते. एकदा ती सुनेला म्हणाली, “तुझा विश्वास उडालाय ना, उडू दे. तोवर तुझ्या वाटचं मी बघते.” सज्ञान माणसाने आजारपणात जमीनजुमल्याची मुखत्यारी विश्वासाच्या माणसाला लिहून द्यावी, तशी श्रद्धेचीही देता येते, ही गोष्ट कोणत्या भक्तिशास्त्रात सांगितली असल्यास मला माहीत नाही; आमच्या माजघरात ती विनातक्रार चालली. औषधाने भावजयीचे तोंड आले, ओठांपासून घशापर्यंत नुसती आग, चमचाही लागू देईना. तेव्हा आईने फडताळातून चांदीचे बोंडले काढले, जे दिवस राहिल्याचे कळताच चिंचेने घासून ठेवलेले होते. त्यात निवलेली, गाळलेली, मिठाशिवायची पेज ओतली आणि त्याची निमुळती चोच तिच्या ओठांशी धरली. माझा जीव वरखाली झाला. भावजयीने एकवार बोंडल्याकडे पाहिले, एकवार सासूकडे पाहिले, आणि ती प्यायली. नंतर ती खूप रडली. आईही रडली, आणि मग दोघींनी मिळून उरलेली पेज संपवली.

पुढे संप्रेरक उतरले आणि उतरलेलेच राहिले. वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत अशी डॉक्टरांची ताकीद होती, तरी आईला वाडीचा नवस फेडण्याची घाई. भावजय निघाली, पण बजावून, की पादुकांपुढे मी काही मागणार नाही. “मागू नकोस,” आई म्हणाली, “मागायचं ते मी कधीच मागून झालंय.” पालखीनंतर घाटावर वाटण्यासाठी पेढे घ्यायचे ठरले, तर पैसे भावजयीने पुढे केले, नवस माझा, तू कोण पैसे देणार, म्हणून आई दुकानासमोरच कडाडली. “दुखणं माझं होतं,” भावजय तितक्याच ठसक्यात उत्तरली. दुकानदाराने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी आपल्या खिशातून पैसे काढून कवठाची बर्फी घेतली, आणि पेढ्यांचा वाद त्या दोघींवर सोपवून ते पायऱ्या उतरू लागले.