भाच्याचे झुंबर

आपला भाचा काय करतो हे मामाला सांगता येऊ नये, ही नामुष्कीच! त्यातून मामा मराठीचा प्राध्यापक असला, तर विचारूच नका. माझा भाचा क्वांटम संगणकावर संशोधन करतो. गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या प्रत्येकाला मी हे ऐटीत सांगितले आणि प्रत्येकाने विचारले, "म्हणजे नेमकं काय?" मी चकल्यांची बशी पुढे केली.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. संगणक कंपनीतली भरपगारी नोकरी सोडून त्याने संशोधनात पडावे, हा सल्ला माझा. मी स्वतः एम. ए. वर थांबलो, प्रबंधाची वही कपाटाच्या वरच्या खणात धूळ खाते आहे. माझी हौस मी तिच्या मुलाकडून भागवून घेतली, असे अक्काला वाटते. ती बोलून दाखवत नाही, एवढेच.

शेवटी मी त्याची प्रयोगशाळा पाहायला गेलो. तिथे सोनेरी झुंबरासारखे एक यंत्र टांगलेले होते. ते उघडे दिसणे ही चांगली खूण नव्हे, हे मला मागाहून कळले.

"मामा, हे शीतयंत्र. अवकाश निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंशांवर असतं. याच्या तळाशी एका अंशाचा शंभरावा भाग!"

तिथे नखाएवढी चिप, तिच्यावर क्युबिट. साध्या संगणकातला बिट एक तर शून्य असतो, नाही तर एक; क्युबिट दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. पण जराशी ऊब लागली, की ती अवस्था मोडते.

"किती वेळ टिकते?" मी विचारले.

"साधली तर सेकंदाचा दहाहजारावा भाग. माझी निम्मीही टिकत नाही. आठ महिने झाले, मामा."

दोष शोधायचा तर यंत्राला आधी ऊब येऊ द्यायची, मग उघडायचे. झाकून पुन्हा थंड व्हायला दोन दिवस. टेबलावर त्याची वही होती. तारीख, बदल, निकाल. निकालाखाली पानोपान 'नाही'. शेवटच्या ओळीत त्या दिवसाची तारीख घातलेली. निकालाची जागा मोकळी.

मला माझी वही आठवली. तिच्यातली शेवटची तारीख २००४ मधली आहे. एक मुद्दा जुळेना, म्हणून मी ती मिटली होती.

रात्री अक्काचा फोन आला. "पाहिलंस ना? काय करतो रे तो?"

"अक्का, तो रोज चुकतो, ते लिहून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी नवी तारीख घालतो."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "जेवतो ना वेळेवर?"

ते विचारायचे मात्र मी साफ विसरलो होतो.